बोर्डाला तुमची उंची कळत नाही

फेब्रुवारी २०२६ मध्ये इटलीत हिवाळी ऑलिंपिक चालू असताना पुण्याहून बहिणीचा फोन आला. टीव्हीवर लिव्हिन्योच्या उतारांवरून माणसं आडवी उभी राहून सुसाट खाली येत होती. ‘दादा, हे सगळं स्नोबोर्डिंगच ना? मग एकाची फळी काठीसारखी लांबुळकी आणि दुसऱ्याची दोन्ही टोकांना सारखी गोल, असं का?’ आणि पाठोपाठ तो प्रश्न, जो मी व्हँकूव्हरला आल्यापासून दर नोव्हेंबरात कुणी ना कुणी विचारतंच: ‘पुढच्या हिवाळ्यात आम्ही गुलमर्गला जातोय. तुझ्या भाच्याची उंची पाच फूट सात इंच. त्याला कोणता बोर्ड लागेल?’

पहिला प्रश्न नेमका होता. दुसऱ्यात घोळ आहे, आणि तो घोळ मी स्वतः पैसे मोजून घातलेला आहे. इथल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात दुकानातल्या मुलानं एक बोर्ड माझ्यासमोर उभा धरला. टोक नाकापर्यंत आलं. ‘एकदम बरोबर,’ तो म्हणाला. बोर्ड १६२ सेंटिमीटर लांब, रुंद, कडक, आणि मुख्य म्हणजे सेलमधला. माझं वजन तेव्हा ६४ किलो आणि पाऊल साडेपंचवीस सेंटिमीटर. पुढचे दोन हिवाळे मी अशा समजुतीत काढले की हा खेळ आपल्या हाडाचा नाही.

उंची दुकानदाराला दिसते, बोर्डाला नाही. बोर्डाला जाणवतं ते वरचं वजन, आणि बुटांची टोकं त्याच्या कडांपर्यंत पोचतात की नाही ते. हे दोन आकडे आणि आपण कुठल्या बर्फावर जाणार हे ठाऊक असेल, तर आकारांचं कोडं बरंचसं सुटतं.

## चपटा डमरू

स्नोबोर्ड लांबून आयताकृती वाटतो, पण तो खरं तर चपट्या डमरूसारखा असतो: टोकांना रुंद, कमरेला अरुंद. पुढचं टोक म्हणजे नोज, मागचं टेल. आत लाकडाचा गाभा, त्यावर-खाली फायबरग्लासचे थर, आणि कडेला पोलादी पट्टी. ही पोलादी कड म्हणजे एज. बोर्ड वळतो, थांबतो, तो या कडेवर.

डमरूचा आकार शोभेसाठी नाही. बोर्ड एका कडेवर कलवलात की आधी बर्फाला टेकतात दोन्ही टोकांजवळच्या रुंद जागा. कमर अधांतरी राहते. वरून तुमचं वजन कमरेला खाली दाबतं, बोर्ड धनुष्यासारखा वाकतो आणि कड बर्फात एक कंस कोरते. त्या कंसावरून बोर्ड जातो, म्हणजे वळतो. बाजूच्या या आत घेतलेल्या वळशाला साइडकट म्हणतात. तो वळसा पुढे वाढवत नेऊन पूर्ण वर्तुळ केलं, तर नेहमीच्या बोर्डाच्या वर्तुळाची त्रिज्या साधारण सात-आठ मीटर भरते. त्रिज्या लहान तर बोर्ड पटकन वळतो. मोठी असेल तर लांब, संथ वळणं आणि वेगात जास्त स्थिरपणा. बोर्ड जितका जास्त कलवाल तितकं वळण आणखी आवळतं, त्यामुळे त्या आकड्यावर फार डोकं शिणवू नये.

बहिणीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. ती काठीसारखी फळी होती पॅरलल जायंट स्लॅलमची. दोन स्पर्धक शेजारशेजारच्या मार्गांवरून निशाणांना वळसे घालत खाली येतात. तिथे वेग आणि कडेची पकड सोडून कशाचीच किंमत नाही. म्हणून बोर्ड पावणेदोन मीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब, कमरेला खूपच अरुंद, आणि पायात स्कीच्या बुटांसारखे टणक बूट. चेकियाच्या एस्टर लेडेत्स्कानं २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये असल्या बोर्डावर सुवर्ण मिळवलं, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये उसन्या स्कीजवर सुपर-जी या स्की शर्यतीतही. ते बूट आणि ती मुद्रा स्कीइंगला किती जवळची आहे, हे त्यावरून कळावं. हाफपाइपमध्ये, म्हणजे अर्ध्या कापलेल्या नळीसारख्या बर्फाच्या खोल चरात, उड्या मारणाऱ्यांचा बोर्ड अगदी वेगळा, कारण त्यांना उलटसुलट दोन्ही बाजूंनी उतरायचं असतं.

## बाजूनं पाहा: ट्रकचे पाटे आणि केळं

आता बोर्ड जमिनीवर ठेवा, खाली बसा आणि बाजूनं बघा. माझ्या मते दुकानातली सगळ्यात महत्त्वाची पाच सेकंदं हीच, आणि बहुतेक जण त्या वेळात वरचं चित्र बघत असतात.

मध्यभाग जमिनीपासून काही मिलिमीटर उचललेला आणि बोर्ड टोकांजवळ टेकलेला असेल, तर तो कॅम्बर. ट्रकच्या चाकांवरचे पाटे आठवा. रिकाम्या ट्रकचे पाटे कमानीसारखे असतात, माल चढला की दबून सपाट होतात आणि भार चाकांवर नीट पोचतो. कॅम्बरचंही तेच. तुम्ही उभे राहिलात की कमान दबते आणि वजन पायाखालीच न राहता कडेच्या टोकापर्यंत पसरतं. म्हणून घट्ट, निसरड्या बर्फावर पकड चांगली, आणि दबलेली कमान सुटताना उडीलाही जोर मिळतो.

आता हायवेवर रिकामा ट्रक खड्ड्यातून जाताना कसा आदळतो-उडतो तेही आठवा. पाटे मालासाठी बनवलेले असतात. माल नसला तर ते दबतच नाहीत. कडक, लांब कॅम्बरवर ६४ किलोचा मी म्हणजे तो रिकामा ट्रक. माझ्या वजनाला बोर्ड पुरता दबत नव्हता, वाकत नव्हता, आणि वळायचं सोडून मला सरळ झाडीकडे घेऊन जायचा.

कॅम्बरची दुसरी खोड म्हणजे त्याची टोकं सतत जागी असतात. बोर्ड सपाट ठेवून निवांत आडवं घसरायला गेलात, तर उताराकडची कड अचानक बर्फात रुतते. बोर्ड जागच्या जागी थांबतो, तुम्ही थांबत नाही. याला एज कॅच म्हणतात. टाचेच्या बाजूनं झाला तर डोक्याचा मागचा भाग आपटतो. हेल्मेटबद्दल मी वेगळं काही लिहिणार नाही.

रॉकर याच्या उलट, केळ्यासारखा. मध्यभाग टेकलेला, टोकं वर. जमिनीवर ठेवून दाबलं तर पाळण्यासारखा डुलतो. टोकं बर्फापासून दूर असल्यामुळे कड रुतण्याची भीती कमी, जागेवर फिरवणं सोपं, भुसभुशीत बर्फात नोज आपोआप वर. २००६-०७ च्या सुमारास बाजारात आलेल्या एका रॉकरच्या नावातच ‘बनाना’ होतं आणि त्यानंतर काही वर्षं जो तो केळीच विकत होता. पुढे लोक टणक उतारावर घसरून घसरून कंटाळले तेव्हा मिश्र बोर्ड आले: पायांखाली कॅम्बर आणि टोकांना रॉकर, किंवा दोन पायांच्या मध्ये रॉकर आणि पायांखाली कॅम्बर. कंपन्या यालाच वीस नावं देतात. नावं पाठ करू नका, खाली बसून बघा. अगदी सपाट बोर्डही मिळतात. त्यांच्यात या दोघांचे थोडे थोडे गुण असतात.

## मग रॉकर नवशिक्यांचा आणि कॅम्बर तरबेजांचा?

असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यात अर्धंच खरं आहे. रॉकर पहिल्या आठवड्यात माफ करतो हे कबूल. पण अमेरिकेतल्या व्हरमाँटसारख्या ठिकाणी, जिथे उतार कित्येकदा काचेसारखा गुळगुळीत होतो, तिथे पूर्ण रॉकर नवशिक्याच्या पायाखालून निसटतो आणि त्याला वाटतं आपलंच चुकतंय. मऊ, आपल्या वजनाला दबणारा कॅम्बर त्याला कड वापरायला लवकर शिकवेल.

म्हणजे प्रश्न बर्फाचाही आहे. मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो, पण फरक समजायला बर्फाचा गोळा पुरतो. रंध्यावर किसून परातीत पडतो तो भुगा म्हणजे ताजा बर्फ, पावडर. काडीभोवती दाबून बसवलेला म्हणजे यंत्रानं दाबून दिलेला उतार, ग्रूम्ड. आणि सगळा रंग चोखून झाल्यावर उरतो तो पांढरा टणक खडा म्हणजे रात्री गोठलेला उतार. पहिल्यासाठी रॉकर किंवा रॉकरचं नोज, तिसऱ्यासाठी कॅम्बर. मधल्यावर सगळंच चालतं, आणि सुट्टीला गेलेला माणूस बहुतेक वेळ मधल्यावरच असतो.

## वरून पाहा: दोन्हीकडून सारखा की दिशेचा

नोज आणि टेल अगदी सारखे, पाय बरोबर मध्यावर, तर तो ट्विन. डावा पाय पुढे ठेवून जा किंवा उजवा, बोर्डाला फरक कळत नाही. उड्या, गिरक्या, उलटं जाणं आवडणाऱ्यांसाठी आणि शिकणाऱ्यांसाठीही हा चांगला, कारण शिकताना माणूस नकळत अर्धा वेळ उलटाच जात असतो.

नोज लांब, टेल आखूड आणि पाय मध्यापेक्षा थोडे मागे, तर तो डिरेक्शनल, म्हणजे दिशेचा. तो पुढे जाण्यासाठी बनवलेला आहे. या दोघांच्या अधेमधे डिरेक्शनल ट्विन येतो: आकार जवळजवळ सारखा, पाय किंवा कडकपणा किंचित मागे सरकवलेला. एकाच बोर्डात सगळा डोंगर हिंडायचा असेल तर मी डोळे झाकून हाच सांगतो.

यात थोडा इतिहासही दडलेला आहे. १९६५ च्या ख्रिसमसला अमेरिकेत मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला म्हणून दोन स्कीज एकमेकींना जोडल्या. पत्नीनं त्याला नाव दिलं स्नर्फर, स्नो आणि सर्फ मिळून. हातात धरायला नोजला दोरी होती. जेक बर्टन कार्पेंटर यांनी १९७७ मध्ये व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवायला घेतले तेही याच स्नर्फरवर वाढलेले. म्हणजे सुरुवात सर्फिंगची, आणि लाटेवरची फळी दिशेचीच असते. पुढे स्केटबोर्डवाली पोरं डोंगरावर आली, त्यांना दोन्हीकडून जायचं होतं, आणि ट्विन रुळला. आज दुकानात माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली टोकं दिसतात ती नवी फॅशन वाटते, पण तसली शेपटी डिमित्रिए मिलोविच यांच्या बोर्डांना १९७० च्या दशकातच होती.

## ताजा बर्फ आणि चिखलणीची फळी

शेपटी कशाला दुभंगायची? कोकणात भात लावण्याआधी चिखलणी होते, मग बैलांमागे आडवी फळी ओढून चिखल सारखा करतात. कधी शेतकरी त्या फळीवर उभा राहतो. फळीची पुढची कड चिखलात घुसली की ती अडते आणि वरचा माणूस तोंडघशी. म्हणून तो वजन जरा मागे टाकून पुढची कड उचललेली ठेवतो.

पावडरमध्ये नेमकं हेच होतं. ताज्या कोरड्या बर्फात नव्वद टक्क्यांहून जास्त भाग हवाच असते. त्यावर उभं राहायचं नाही, तरंगायचं आहे. नोज बुडलं की खेळ संपला. ट्विनवर नोज वर ठेवायचं तर सतत मागच्या पायावर बसावं लागतं, आणि तासाभरात मांडी पेटते. आकार ते काम तुमच्यासाठी करू शकतो: नोज रुंद आणि टेल अरुंद केलं, तर टेल आपण होऊन खाली बसतं आणि नोज वर येतं. या फरकाला टेपर म्हणतात. नोज टेलपेक्षा पाच मिलिमीटरनं रुंद असेल तर जेमतेम जाणवतं, वीस असेल तर बोर्ड उघड उघड पावडरचा. दुभंगलेली शेपटी म्हणजे हीच कल्पना टोकाला नेलेली: मागचं क्षेत्रफळच कापून टाकायचं.

दुसरा उपाय आखूड पण रुंद बोर्ड. क्षेत्रफळ तेवढंच, फक्त लांबीतलं काढून रुंदीत घातलेलं. असे बोर्ड नेहमीपेक्षा पाच ते दहा सेंटिमीटर आखूड घेतात. झाडांमधून वळवायला मजा येते, गुबगुबीत दिसतात, आणि टणक उतारावर वेगात गेलं की थरथरतात. पहिला बोर्ड म्हणून घेऊ नये असं माझं मत आहे. दुसरा म्हणून जरूर.

## आधी पाय मोजा

आता दुकानात न विचारली जाणारी गोष्ट. तुम्ही बोर्डावर आडवे उभे असता. चवडे एका कडेकडे, टाचा दुसऱ्या कडेकडे. बोर्ड कलवायचा तर चवड्यांनी किंवा टाचांनी कड दाबायची. बोर्ड बुटापेक्षा फार रुंद असेल, तर कडेपर्यंत तुमचा जोर पोचतच नाही. आखूड पान्यानं घट्ट नट सोडवायचा प्रयत्न करावा तसं ते. फार अरुंद असेल तर बुटाची टोकं बाहेर लोंबतात, कडक वळणात बर्फाला घासतात आणि कड उचलली जाऊन तुम्ही आडवे.

मधली स्थिती अशी: बूट दोन्ही बाजूंना एक-दोन सेंटिमीटर बाहेर आला तर उत्तम. भिंतीला टाच टेकवा, खाली कागद ठेवा, अंगठ्यापुढे पेन्सिलची खूण करा. स्नोबोर्डचे बूट याच सेंटिमीटरच्या मापानं मिळतात. पाऊल २८ च्या आसपास किंवा पुढे असेल, तर कमर २६ सेंटिमीटरच्या वरचा, ज्याला वाइड म्हणतात तो बोर्ड बघायला लागा. २५-२६ च्या पावलाला २४ ते २५ ची कमर बरी. बुटांचं बाहेरचं माप कंपनीगणिक बदलतं, म्हणून बोर्ड घ्यायला जाताना बूट पिशवीत घालून न्या आणि बोर्ड उलटा करून त्यावर ठेवून बघा. दुकानदार विचित्र नजरेनं पाहील. पाहू दे.

माझा १६२ चा वाइड शेवटी एका सहकाऱ्याला विकला. वजन ९० किलो, पाऊल २९. मार्चमध्ये सायप्रस माउंटनवर तो माझ्यापुढे गेला. २०१० च्या ऑलिंपिकमधली स्नोबोर्डिंग झाली तो हा डोंगर, आणि आमच्याकडचा समुद्राजवळचा बर्फ ओल्या सिमेंटसारखा जड. तोच बोर्ड, आणि त्या सिमेंटमधून त्यानं अशी वळणं कोरली की मी मध्येच थांबून बघत राहिलो.

## लांबी मग कशी ठरवायची?

वजनावरून. प्रत्येक कंपनी प्रत्येक लांबीपुढे वजनाची कक्षा छापते, ती बघा. पूर्ण कपड्यांसह, बुटांसह आपण कुठे बसतो ते पाहा. साधारण अंदाज हवाच असेल तर साठ किलोच्या माणसाला १५० च्या अलीकडे-पलीकडे, सत्तर-पंचाहत्तरच्या माणसाला १५५ च्या आसपास. शिकत असाल तर कक्षेतला आखूड बोर्ड घ्या. वेग आणि पावडर आवडत असेल तर लांब.

‘पण हनुवटी ते नाक हा नियम तर सगळेच सांगतात!’ सांगतात, कारण सरासरी उंचीच्या माणसाचं वजनही बहुतेकदा सरासरी असतं, म्हणून तो नियम पुष्कळदा योगायोगानं बरोबर येतो. उंच-सडपातळ किंवा बुटका-भरलेला माणूस आला की तो कोसळतो.

फ्लेक्स, म्हणजे बोर्ड किती कडक, हा एक ते दहा आकड्यांत छापतात. प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी, त्यामुळे एकीचा पाच दुसरीच्या सातासारखा निघतो. शिकताना तीन-चारच्या वर जाऊ नका, एवढं पुरे.

## ‘बायकांचा बोर्ड’ ही नुसती जाहिरातबाजी का?

रंगांच्या बाबतीत हो. आकाराच्या बाबतीत नाही. त्या बोर्डांची कमर अरुंद असते आणि ते कमी वजनाला दबतील असे बनवलेले असतात. पण वर सांगितलं तेच: बोर्डाला वजन आणि पाऊल कळतं, बाई की पुरुष ते कळत नाही. पावलं लहान असलेल्या हलक्या पुरुषाला तो बोर्ड अगदी नीट बसेल. मी आता एक असा वापरतो. मोठ्या पावलाच्या उंच, दणकट बाईनं बेलाशक पुरुषांच्या रांगेत जावं.

## ‘चार दिवस तर जायचंय, कोणताही चालेल की’

चार दिवसांसाठी विकत अजिबात घेऊ नका, एवढं मान्य. पण ‘कोणताही’ नको, उलट चारच दिवस आहेत म्हणून. तरबेज माणूस वाईट बोर्ड सांभाळून घेतो; नवशिक्याचे पहिले दोन दिवस चुकीच्या बोर्डावर गेले तर उरलेले दोन तो हॉटेलात कहवा पीत बसतो.

भाच्याचं वजन विचारलं, ५५ किलो. पाऊल मोजायला लावलं, २६. त्याला सांगितलं: १४५ ते १५० च्या मधला, मऊ, ट्विन, मिश्र किंवा टोकं उचललेला. वाइड देऊ लागले तर नको म्हण. मोज्यांवर गुळगुळीत फरशीवर घसरून बघ. आपोआप पुढे येतो तो पाय पुढे बांधायला सांग. डावा पुढे तर रेग्युलर, उजवा पुढे तर गूफी. दुकानात बहुतेक सगळे रेग्युलर लावलेले असतात आणि घाईत तसाच हातात देतात, पण स्क्रूड्रायव्हरनं पाच मिनिटांत बदलून होतं.

पहिले दिवस खालच्या सौम्य उतारावरच. गुलमर्गच्या गंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, वरचा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो. तिथला न दाबलेला पावडर जगभरच्या लोकांना ओढून आणतो, पण तिथे हिमस्खलनाचा धोका खरा आहे आणि वाटाड्याशिवाय जायची ती जागा नव्हे. टेपर आणि माशाच्या शेपट्या त्या वरच्या बर्फासाठी.

आणि बोर्ड हातात आला की आधी उलटा करायचा. कडेवर नख घासायचं. नखाचा पातळ कीस निघाला तर कडेला धार आहे. नख नुसतं सरकलं, किंवा कडेवर तांबूस गंज दिसला, तर दुसरा मागायचा. तळाला खोल चरा पडून आतलं लाकूड दिसत असेल, तरीही दुसराच. शेवटी दोन्ही बूट बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या पकडीत, अडकवून बघायचे आणि पट्टे नीट आवळतात की नाही ते दुकानातच तपासायचं, कारण उतारावर गेल्यावर हातमोजे काढून ते करावं लागतं.